कोर्टाची पायरी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी अभ्यास, परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांविषयी बोलले जाते. ते आवश्यकच आहे. आज मात्र मी थोडा निराळा विषय घेतला आहे. मी फौजदारी कोर्टाविषयी चार शब्द बोलणार आहे. मी वकील नाही. बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन तालुक्याच्या कोर्टात साक्षीसाठी जाण्याचा प्रसंग माझ्यावर तीन-चार वेळा आला. साक्ष दहा मिनिटांची आणि वाट पाहणे दिवसभराचे, असा तेथला हिशेब असतो. त्या वाट पाहण्यात जे पाहिले आणि नंतर कुतूहलाने जे वाचले, विचारले, ते आपल्यापुढे ठेवतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जमिनीच्या बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत पंचवीस वर्षे दावे चालतात, त्यांना उद्देशून ही म्हण अगदी योग्य आहे. परंतु फौजदारी कोर्टाची गोष्ट वेगळी आहे. ती पायरी कोणी हौसेने चढत नाही. कोणाला पोलीस घेऊन येतात, कोणाला समन्स येते, कोणी मारहाणीत डोके फुटले म्हणून फिर्यादी होतो, तर कोणी अपघात पाहिला एवढ्याच कारणाने साक्षीदार होतो. चढू नये म्हटले तरी ती पायरी एखाद्या दिवशी आपल्या दारापर्यंत चालत येते. मग शहाणपण कशात? ती पायरी कशी आहे, हे आधीच माहीत असण्यात.

आपल्या विद्यार्थ्यांच्या मनातले कोर्ट सिनेमातले असते. न्यायाधीश हातोडा आपटतात, वकील तावातावाने फिरतात आणि साक्षीदार धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. प्रत्यक्षात आपल्या कोर्टात हातोडा नसतो. धर्मग्रंथही समोर ठेवला जात नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की, मी खरे सांगेन, पूर्ण खरे सांगेन आणि खऱ्याखेरीज काही सांगणार नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, देव न मानणारा, सर्वांना हाच नियम. मला ही गोष्ट फार आवडली. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाकडून कोर्ट एकच वस्तू मागते, ती म्हणजे सत्य.

आता प्रत्यक्ष कोर्ट कसे असते ते पाहू. सकाळी दहाच्या सुमारास आवार भरू लागते. फाटकाजवळ चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान, अर्ज लिहून देणारे टायपिस्ट, तिकिटे विकणारे स्टँप व्हेंडर. व्हरांड्यात बाकावर आणि बाक पुरले नाही तर पायऱ्यांवर बसलेली माणसे. बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. भिंतीवर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो. बोर्ड म्हणजे त्या दिवशी चालावयाच्या प्रकरणांची यादी. एका प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका दिवसात साठ, सत्तर, कधी त्याहूनही जास्त प्रकरणे असतात. शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो. ज्याचे नाव आले तो धावतो. ज्याला ऐकू आले नाही, त्याची धडगत नसते, कारण गैरहजेरीबद्दल त्याच्यावर वॉरंट निघू शकते.

सत्तर प्रकरणे आणि दिवस साडेपाच-सहा तासांचा. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा. एका प्रकरणाला पाच मिनिटे येतात. आणि त्या पाच मिनिटांत काही खून-दरोड्याचे खटले चालत नाहीत. ते सत्र न्यायालयात चालतात. येथे असते ती किरकोळ मारामारी, चोरी, शिवीगाळ, दारूबंदीच्या केसेस, न वटलेले चेक, वाहनांचे अपघात, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पोटगीचा अर्ज. वर्तमानपत्रात यांतले काहीच छापून येत नाही. तरीसुद्धा आपल्या देशातील बहुसंख्य माणसांचा न्यायाशी जो संबंध येतो, तो याच खोलीत येतो. मोठे निकाल दिल्लीत लागतात. न्याय आहे की नाही, हे सामान्य माणूस तालुक्याच्या कोर्टात ठरवतो.

प्रत्येक तारखेला जे घडले ते एका कागदावर लिहिले जाते. त्याला 'रोजनामा' म्हणतात. 'आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. पुढील तारीख.' 'आरोपी हजर. सरकारी वकिलांचा मुदतीचा अर्ज. मंजूर. पुढील तारीख.' 'साहेब रजेवर. पुढील तारीख.' अशा ओळी एकाखाली एक येत जातात. वाचायला दोन मिनिटे लागतात, पण त्या दोन मिनिटांत एखाद्या माणसाची चार वर्षे असतात. प्रत्येक ओळीमागे त्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते, एस. टी.चे भाडे असते, वकिलाची फी असते. देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत, आणि त्यांतली तीन कोटींहून अधिक फौजदारी आहेत. न्यायाधीश कमी, कर्मचारी कमी, साक्षीदार वेळेवर येत नाहीत, तपास लांबतो, वकील मुदत मागतात. दोष एकाचा नाही. परंतु भार मात्र एकावरच पडतो, ज्याच्याजवळ रोजच्या कमाईशिवाय काही नाही त्याच्यावर.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. वकील, फिर्याद, जामीन, तारीख, हजर, कैद, गुन्हा, फौजदारी, रोजनामा हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की ते कोठून आले हे आता कोणी विचारीतही नाही. आपल्या घरातील आजोबांना हे शब्द परके नाहीत. मग या शब्दांचे अर्थ, म्हणजे त्यांच्यामागचे हक्क आणि जबाबदाऱ्या, तेवढे परके का राहावेत?

या सर्व शब्दांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो 'जामीन'. एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, असे आपण नागरिकशास्त्रात शिकवतो. मग निर्दोष मानलेला माणूस तुरुंगात कसा? याचे उत्तर असे की, तो तारखेला हजर राहील, पळून जाणार नाही, साक्षीदारांना धमकावणार नाही, अशी खात्री कोर्टाला हवी असते. ती खात्री म्हणजे जामीन. जामीनदार कोर्टात जामीनकतबा लिहून देतो: हा इसम हजर राहील, न राहिल्यास अमुक रक्कम मी भरीन. कल्पना चांगली आहे. परंतु ती कागदावर उतरते तेव्हा काय होते पाहा. जामीनदाराने सात-बारा आणावा, घरपट्टीची पावती आणावी, पगाराचा दाखला किंवा ऐपतीचा दाखला आणावा. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो कामासाठी परजिल्ह्यातून आला आहे, त्याने हे कोठून आणावे? कोर्ट जामीन मंजूर करते आणि माणूस मात्र आतच राहतो. किल्ली हाती आहे, पण कुलपापर्यंत हात पोहोचत नाही.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले. तो मध्य प्रदेशातील होता. त्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम झाला होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. त्या काळचे दहा हजार, आणि तेही गवंड्याकडे! त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता. पण भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून तो जामीन नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवले आणि एक हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडण्यास सांगितले. माणूस गरीब आहे आणि परजिल्ह्यातला आहे, एवढ्यावरून तो अविश्वासू ठरत नाही, हा या निकालाचा सारांश आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ साली, हुसैनआरा खातून हे नाव देशभर झाले. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालता वर्षानुवर्षे माणसे पडून होती. काहींच्या बाबतीत तर ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याला कायद्यात जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे, तिच्याहून अधिक काळ ते आत होते. याविषयी वर्तमानपत्रात लेख आले. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या अर्जात ज्या कैद्यांची नावे होती, त्यांतील एका स्त्रीच्या नावाने तो खटला ओळखला जातो. खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि गरीब आरोपीला सरकारने वकील दिला पाहिजे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात सांगितले. माझ्या विद्यार्थिनींना मी मुद्दाम हे सांगतो. जिला त्या वेळी कोणी विचारीत नव्हते, अशा एका गरीब बाईचे नाव आज कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. आणि ते तेथे पोहोचले, कारण कोणीतरी लिहिले, कोणीतरी वाचले आणि कोणीतरी अर्ज केला.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे आपणास वाटेल. तसे झाले नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर, म्हणजे दर चार कैद्यांतील तीन, कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकालात निघालेला नाही असा. यांतील काही गंभीर गुन्ह्यांतले असतील, काही दोषी ठरतील, हे खरे. परंतु काही निर्दोष सुटतील, आणि सुटताना त्यांच्या हातात गेलेली वर्षे परत मिळणार नाहीत. शिक्षा निकालानंतर सुरू व्हावयाची. गरिबाची ती निकालाच्या आधीच भोगून होते. फौजदारी कोर्टाच्या आवारात मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच.

एक दृश्य सांगतो. माझ्या शेजारी बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मांडीवर डबा होता. मुलाची तारीख होती. तुरुंगातून गाडी येईल, पाच मिनिटे भेट होईल, निदान दुरून दिसेल, म्हणून दोन गाड्या बदलून आले होते. दुपारी त्यांनी शिपायाला विचारले. तो म्हणाला, "चाचा, त्याची हजेरी सकाळीच पडद्यावर झाली. आता गाडी नाही येणार. पुढच्या महिन्याची तारीख आहे." तुरुंगातून पडद्यावर हजेरी घेण्याची सोय चांगली आहे, पोलिसांची धावपळ आणि खर्च वाचतो. पण ती होणार आहे, हे चाचांना कोणी सांगितले नव्हते. मी त्यांच्या मुलाचा सोळा अक्षरी-अंकी सी. एन. आर. क्रमांक त्यांच्याजवळच्या कागदावरून शोधला आणि मोबाइलवर पुढची तारीख दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, हे घरबसल्या कळतं? मग मी वर्षभर वकिलाच्या दारात कशाला जात होतो?" मंडळी, प्रत्येक खटल्याला असा क्रमांक असतो. तो टाकला की तारीख कोणती, काय झाले, हे ई-कोर्ट्सच्या सेवेवर फुकट पाहता येते. आठवीतल्या मुलालाही ते जमते. ज्या घरात असा मुलगा आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तारखेसाठी खेटे का घालावेत?

आता कायद्याने दिलेल्या काही गोष्टी सांगतो. त्या पाठ केल्या नाहीत तरी चालेल, पण घरात एका माणसाला तरी माहीत असाव्यात.

अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी, अटकेचा कागद करून त्यावर कुटुंबातील किंवा वस्तीतील प्रतिष्ठित माणसाची सही घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू यांच्या प्रकरणात सांगितले. आरोपी पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे येतो, तेव्हा त्याने आपला त्रास, आपली दुखापत निर्भयपणे सांगावी. ती विचारण्यासाठीच ते समोर बसलेले असतात.

पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील वृद्ध, कोणतीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब त्यांच्या राहत्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. तपासातील साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यावयाची नसते. फिर्यादीवर मात्र फिर्याद देणाऱ्याची सही लागते. ती त्याला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. पंचनाम्यावर पंचांची सही असते. म्हणून पंच होताना समोर जे घडले तेच लिहिले आहे ना, हे वाचून मगच सही करावी. कोऱ्या कागदावर कधीही, कोणाच्याही शब्दावर सही करू नये.

गुन्हे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोन प्रकारचे असतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळणे हा हक्क आहे. अशा गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असे समजून त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, असे कायदाच सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तीत अशी तरतूद आहे की, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. इतरांच्या बाबतीत ही मर्यादा निम्म्याची आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. तुरुंग अधीक्षकांनी स्वतः होऊन यासाठी कोर्टाला लिहावयाचे असते. परंतु घरच्यांनी दिवस मोजलेले असतील, तर हे काम विसरले जात नाही.

वकिलाविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे आजही घडते. पण तसे घडण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणताही माणूस यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील, ही समजूतही सोडून द्यावी. सरकारी दवाखान्यात चांगले डॉक्टर असतात, तसेच हे आहे. काम व्हावे म्हणून पाठपुरावा मात्र दोन्हीकडे करावा लागतो.

हक्कांविषयी बोललो, आता कर्तव्याविषयी बोलतो. खटले लांबण्याचे एक कारण साक्षीदारांची गैरहजेरी हे आहे, आणि ते साक्षीदार म्हणजे आपणच. अपघात सर्वांनी पाहिलेला असतो, पण साक्षीला कोणी जात नाही. भांडणात मध्यस्थी करायला पन्नास माणसे, आणि कोर्टात खरे सांगायला एकही नाही. कोणी जातो, पण आदल्या रात्री कोणीतरी घरी येऊन चहा पिऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी हा पिंजऱ्यात म्हणतो, "मला काही आठवत नाही." त्याला फितूर साक्षीदार म्हणतात. तो एका आरोपीला वाचवतो असे त्याला वाटते. परंतु ज्या बाईचे दागिने गेले, ज्या मुलाचा पाय मोडला, त्यांना तो तोंडघशी पाडतो. आपल्यावर अन्याय झाला की आपण न्याय मागतो. मग दुसऱ्यासाठी खरे बोलण्याची पाळी आली तर मागे सरणे शोभत नाही. साक्षीदाराला खरोखर धोका असेल, तर संरक्षण मागता येते. त्यासाठीच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे.

आणि आता माझ्या रजिस्टरची गोष्ट. पालकांनी ही विशेष लक्ष देऊन ऐकावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याचे प्रकरण फौजदारी कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे हेतू मुलाला सुधारण्याचा असतो. गुन्हा घडला त्या दिवशी वय किती होते, यावर सारे अवलंबून असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वयाचा पुरावा म्हणून सर्वांत आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहतात; ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला; आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणजे जन्मनोंदीच्या दाखल्याच्याही आधी शाळेचा कागद येतो.

एका मारामारीच्या प्रकरणात मी रजिस्टर घेऊन उभा होतो. मुलाच्या नावापुढे जन्मतारीख होती १ जून. आपल्या गावांत १ जूनला किती मुले जन्मतात, हे आपण जाणता! या तारखेप्रमाणे तो प्रसंगाच्या दिवशी अठरा पूर्ण होता. वडील बाहेर सांगत होते की मुलगा खरा नोव्हेंबरचा. शाळेत एक वर्ष आधी बसावा म्हणून जून लावला. वकिलांनी मला विचारले, "ही नोंद कशावरून घेतली?" रजिस्टरमध्ये लिहिले होते: वडिलांच्या सांगण्यावरून. मी तेच सांगितले. मग वयाच्या चौकशीचा अर्ज झाला, जन्मनोंदीचा शोध सुरू झाला आणि पुढील तारीख पडली. मुलाने काय केले, हा प्रश्न बाजूला राहिला आणि तो मूल आहे की नाही, याचाच खटला आधी सुरू झाला. बारा वर्षांपूर्वी प्रवेशाच्या गर्दीत सहज सांगितलेली एक तारीख अशी समोर येऊन उभी राहते. हीच तारीख फिर्यादीच्या बाजूनेही नडते. अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला असेल, तर तिचे वय सिद्ध करायला हेच रजिस्टर लागते. तेव्हा पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: बाळ जन्मले की नोंद करा, दाखला घ्या आणि शाळेत तीच तारीख सांगा. नोंद चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच रीतसर अर्ज करून दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही वकील व्हावेत, काही न्यायदंडाधिकारी व्हावेत, असे मला मनापासून वाटते. परंतु कोर्टाला तेवढेच लोक लागतात असे नाही. समन्स वाचून आजोबांना समजावून सांगणारी नात लागते. पुकारा चुकू नये म्हणून दारात उभा राहणारा भाऊ लागतो. पंचनामा वाचून सही करणारा दुकानदार लागतो. ओळखीच्या प्रामाणिक माणसाला जामीन राहणारा नोकरदार लागतो. आणि जे पाहिले तेवढेच सांगणारा साक्षीदार लागतो. सत्तर प्रकरणांच्या त्या गर्दीत न्यायाधीशांना पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत त्यांच्यापुढे खरा कागद आणि खरे बोलणारा माणूस असला, तर न्याय होतो. तो आणून उभा करणे हे आपले काम आहे.

म्हणून त्या जुन्या म्हणीत मी थोडी भर घालतो. शहाण्याने कोर्टाची पायरी उगाच चढू नये, हे खरेच. पण चढावी लागलीच, तर डोळे उघडे ठेवून, कागद नीट लावून आणि खरे बोलण्याची तयारी ठेवून चढावी. आणि शेजाऱ्याला चढावी लागली, तर त्याला एकट्याला चढू देऊ नये.